आठशे शहाण्णव

बदलीच्या नोकरीत माणूस गावे पुष्कळ पाहतो, परंतु राहत मात्र कोणत्याच गावात नाही, असे आमच्या घरातून वारंवार ऐकू येते. आणि ते खोटे आहे असे म्हणण्याची सोय आम्हांस नाही. कलकत्त्यास येऊन आम्हांला तीन वर्षे होत आली. कचेरीच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा तरी खिदिरपूरच्या गोदीकडे जाणे घडते. तरीही पहिले सबंध वर्ष आम्ही खिदिरपूर पाहिले ते मोटारीच्या काचेतूनच. गोदीवरचा उचलता पूल, वाटगंजच्या गल्ल्या, फॅन्सी मार्केटातील झुंबड, एवढाच आमचा परिचय. मैदानातून खिदिरपूरकडे जाणारी ट्राम २०२० सालच्या वादळानंतर बंद पडली. तिच्यातून एकदा तरी जावे अशी इच्छा होती, तीही आता राहिली.

या येण्याजाण्यात हेस्टिंग्ज भागात, नेपियर रोडच्या बाजूस, हुगळीच्या काठी एक उंच मनोरा दिसत असे. नदीवरचा विद्यासागर सेतू १९९२ साली झाला. तो प्रचंड सांगाडा जवळच उभा असल्यामुळे या मनोऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नसते. परंतु एके दिवशी रस्ता तुंबला, गाडी नेमकी तेथेच थांबली, आणि आम्ही पाय मोकळे करण्यास उतरलो. चौकोनी, सुमारे शंभर फूट उंचीचा स्तंभ. चारही बाजूंनी पुरातन गलबतांच्या नाळी पुढे झेपावलेल्या. भिंतीवर लाटांच्या नागमोडी रेषा. माथ्यावर आपल्याकडील छत्र्यांची आठवण व्हावी असे घुमट. पहिल्या महायुद्धात प्राणास मुकलेल्या खलाशांचे हे स्मारक. येथील जहाज-कंपन्यांनी व व्यापारी पेढ्यांनी ते उभारले, विल्यम कीर नामक वास्तुशिल्पज्ञाने ते रेखिले, आणि ६ फेब्रुवारी १९२४ रोजी बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्याचे उद्घाटन केले. अविभक्त बंगाल व आसाम येथील ८९६ खलाशी या युद्धात कामास आले, असे तेथील लेख सांगतो.

आठशे शहाण्णव! मराठी माणसास शहाण्णव हा आकडा दिसला की कुळांची आठवण होते, आणि आम्ही क्षणभर हसलोही. मग स्तंभाभोवती एक प्रदक्षिणा घातली, दुसरी घातली, आणि हसू मावळले. आकडा होता, नावे नव्हती. आठशे शहाण्णव माणसांपैकी एकाचेही नाव त्या दगडावर नव्हते.

ज्यांना इंग्रज 'लास्कर' म्हणत ते हे लोक. शब्द आपलाच, फारसीतून आपल्याकडे आला तो फौजेच्या अर्थाने, समुद्रावर गेला तो खलाशाच्या अर्थाने. सिल्हेट, नोआखाली, चितगाव येथील गरीब शेतकऱ्यांची, बहुतेक मुसलमानांची, ही मुले खिदिरपूरला येत, सारंगाच्या ओळखीने जहाजावर चढत, आणि भट्टीत कोळसा लोटण्यापासून तक्ते घासण्यापर्यंत पडेल ते काम करीत. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. परंतु पाणबुडीचा गोळा बंदूक पाहून येत नाही. भट्टीपाशी असलेला माणूस जहाजाच्या पोटात खोल असतो आणि वर येण्याची वाट त्यास सर्वांत लांब असते.

कठड्यापाशी एक वृद्ध गृहस्थ सावलीस बसले होते. आम्ही दोनदा फिरलो हे पाहून त्यांनीच विचारले, "क्या ढूँढ रहे हैं, बाबू?"

"नाम, चाचाजी," आम्ही म्हणालो.

ते म्हणाले की नाव येथे नाही. त्यांच्या पणजोबांचे बंधू याच गोदीतून गेले व आले नाहीत. केव्हा, कोणत्या जहाजावर, हे घरात कोणास ठाऊक नाही. मग मनोऱ्याकडे हात करून ते शांतपणे म्हणाले, "गिनती में एक हमारा भी है।"

गाडी निघाली. परंतु ते वाक्य आमच्या मागोमाग घरी आले. कारण आमच्याही घरी असा एक 'गिनतीतला' माणूस आहे, आणि त्याचा विचार करण्याचे आम्ही आजवर टाळीत आलो होतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. आजोबांचे थोरले बंधू पहिल्या जर्मन लढाईच्या वेळी पलटणीत होते. त्यांना घरात सर्व जण 'बसऱ्याचे आजोबा' म्हणत, कारण ते बसऱ्यास गेले एवढेच निश्चित होते. त्यांच्या पत्नी, आमच्या थोरल्या आजी, ते गेले तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हते. लढाई संपली, गावातले काही परतले, काही परतले नाहीत. कैद झाले असे एकाने सांगितले. कैदेत गेले असे दुसऱ्याने सांगितले. पाहिले असे कोणीच सांगितले नाही. चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसली. तशा पाट्या तेव्हा कित्येक गावांत बसल्या: या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या दुसऱ्या 'इतक्यां'त आजोबा आहेत की नाहीत, हे पाटीलाही ठाऊक नव्हते.

पुढे केव्हातरी एक कागद आला. त्यावर अंगठा दिला की पेन्शन सुरू होणार होते. कागदात काय आहे असे थोरल्या आजींनी विचारले. नवरा मेला असे लिहिले आहे, असे उत्तर मिळाले. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि पुन्हा बाहेर काढला नाही. कागद परत गेला. पेन्शन आले नाही. दीरांच्या संसारात, शेतात राबून, त्यांनी उभा जन्म काढला. परंतु कपाळावरचे कुंकू एक दिवसही पुसले नाही. सरकारदरबारी बसऱ्याचे आजोबा मृत होते. आमच्या घरी, एका कपाळावर, ते जिवंत होते.

थोरल्या आजी १९७५ साली गेल्या. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे. ओसरीवर भाऊबंदांत हलक्या आवाजात चाललेला वाद आम्हांस आजही ऐकू येतो: लुगडे कोणत्या रंगाचे आणावे? साठ वर्षे ज्याचा पत्ता नाही त्याची बायको सवाष्ण कशी? अखेर आमच्या आजी आतून आल्या. जन्मभर जावेशी त्यांचे पाण्याच्या घागरीवरून आणि चुलीवरून बिनसत असे. त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत. हिरवे लुगडे त्यांनी स्वतःच्या पेटीतून काढले, जावेची ओटी भरली आणि कुंकवाचा मळवट भरला. वाद संपला. तेव्हापासून पितृपंधरवड्यात आमच्या घरी थोरल्या आजींचे श्राद्ध अविधवा नवमीस होते. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रियांची ही तिथी. आणि नवरा हयात असेपर्यंतच ती पाळावी असा रिवाज आहे. म्हणजे आमच्या घरी बसऱ्याचे आजोबा अद्याप हयात आहेत. हिशेबाने आज त्यांचे वय एकशे तीसच्या पुढे जाईल.

खिदिरपूरच्या त्या दुपारनंतर आम्ही वाचनास लागलो. सरकारी नोकरास कोणतीही गोष्ट कळावयाची ती फायलीच्या क्रमानेच कळते. म्हणून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. मेसोपोटेमियात उतरलेल्या फौजेचा कणा होता सहावे डिव्हिजन, ज्याला इंग्रज पुणे डिव्हिजन म्हणत. जनरल टाउनशेंड त्यांना घेऊन तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने गेला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफनपाशी ती धाव थांबली. माघार घेत फौज कुत-अल-अमारा या गावी आली, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला वेढले. १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी आत होत्या. सुटकेसाठी आलेल्या फौजा वाटेतच अडल्या आणि सुटका करण्यापेक्षा मोठी हानी सोसून बसल्या. आत धान्य संपत आले. घोडे कापले जाऊ लागले. ते मांस हिंदी शिपाई खाईनात, तेव्हा खाण्यास हरकत नाही असे हिंदुस्थानातील धर्मगुरूंचे निरोप बिनतारी यंत्राने मागविण्यात आले. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, कुत पडले. सैनिक व नोकरचाकर मिळून सुमारे तेरा हजार माणसे कैदी झाली. त्यांतील बहुसंख्य हिंदी.

मग निवड झाली. अधिकारी वेगळे काढले गेले. खुद्द टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर मोठ्या सन्मानाने राहिला. शिपायांना मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळवंटातून पायी हाकण्यात आले: बगदाद, मोसल, आणि पुढे रास-अल-ऐन, जेथे बगदाद रेल्वेचे काम चालले होते. भुकेने, हगवणीने, तापाने, फटक्यांनी माणसे वाटेवर पडत गेली. कुतच्या कैद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परत आले नाहीत. हे कोणी लढाईत पडले नाहीत. शत्रूने शस्त्र खाली ठेवावयास सांगितले, सेनापतीने ते मान्य केले, आणि त्यानंतर ते मेले.

या टप्प्यावर आमच्या कचेरीतील एका बंगाली स्नेह्याने आम्हांस पुन्हा खिदिरपुरात आणून सोडले. "तुम्ही कुतबद्दल वाचता आणि खिदिरपूरच्या लेकीचे पुस्तक वाचले नाही?" असे त्यांनी विचारले. राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचा जन्म १८४४ साली खिदिरपूरचा. मुंबईत १८८५ साली भरलेल्या पहिल्या अधिवेशनाने त्यांचे नाव आपल्याकडेही घरोघरी गेले. खिदिरपुरावर त्यांचा एवढा जीव की लंडनजवळ क्रॉयडन येथील आपल्या घराचे नावही त्यांनी 'खिदिरपूर' ठेवले होते. त्यांच्या भगिनी मोक्षदादेवी. मोक्षदादेवींचा नातू कल्याणकुमार मुखर्जी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होता. तो मेसोपोटेमियात गेला, कुतच्या वेढ्यात सापडला, कैद झाला, आणि रास-अल-ऐन येथे कैद्यांची शुश्रूषा करीत असता १९१७ साली तापाने वारला.

ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या त्या आजीबाईंनी नातवाची पत्रे समोर ठेवली, युद्धाची माहिती मिळविली, आणि त्याचे चरित्र लिहिले. 'कल्याण-प्रदीप' हे ते पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९५७ च्या सुमारास त्याच कैदेतून परतलेल्या शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्याही आठवणी बंगालीत छापल्या गेल्या. आमची बंगाली अडखळती. तरी त्या स्नेह्याच्या मदतीने 'कल्याण-प्रदीपा'ची काही पाने आम्ही वाचली, आणि लाज वाटावी असा एक विचार मनात आला. आम्हांस त्या वृद्धेचा हेवा वाटला. तिच्यापाशी पत्रे होती, तारीख होती, ठिकाण होते. लिहिता हात होता. तिच्या नातवाबरोबरच, कदाचित त्याच्याच देखत, रास-अल-ऐनच्या रेताडात मेलेल्या एखाद्या साताऱ्याच्या शिपायाच्या बायकोपाशी यांपैकी काही नव्हते. तिच्यापाशी एक अंगठा होता, आणि तो तिने दिला नाही. सारे दुःख एकाच जागचे; एकाचे पुस्तक झाले, दुसऱ्याचे कुंकू झाले. लिहिण्याचे हे दोन प्रकार आहेत असे आम्ही आता मानतो, परंतु तेव्हा हेवाच वाटला हे कबूल केले पाहिजे.

कलकत्त्यास कैद्यांचे म्हणून आणखी एक स्मारक आहे, आणि ते पाहिल्यावाचून आमची फाइल पुरी झाली नसती. सेंट जॉन चर्चच्या आवारातील दफनभूमीत, जॉब चार्नॉकच्या कबरीपासून थोड्या अंतरावर, संगमरवराचा तो अष्टकोनी स्तंभ उभा आहे. २० जून १७५६ च्या रात्री सिराजउद्दौल्याच्या शिपायांनी फोर्ट विल्यममधील इंग्रजांना एका कोठडीत कोंडले व बहुतेक गुदमरून मेले, ही 'काळकोठडी'ची कथा. त्यातून वाचलेल्या हॉलवेलने सांगितले: आत १४६ गेले, जिवंत २३ निघाले. त्याने स्वखर्चाने स्मारकही बांधले. ते १८२१ साली गेले, तर लॉर्ड कर्झनने १९०२ साली भर चौकात नवे उभारले. हॉलवेलच्या आकड्यावर इतिहासकारांनी पुढे पुष्कळ शंका घेतल्या. एवढी माणसे त्या खोलीत मावतील काय येथपासून वाद झाला. देशास तो स्तंभ अपमानकारक वाटू लागला. सुभाषबाबूंनी १९४० साली त्याविरुद्ध चळवळ पुकारली, त्यांना अटक झाली, आणि त्याच वर्षी स्तंभ चौकातून हलवून या दफनभूमीत आणण्यात आला. आता तेथे शांतता आहे. आम्ही गेलो तेव्हा एक माळी पाने झाडीत होता.

त्या स्तंभावर नावे आहेत. एकेक नाव स्पष्ट कोरलेले आहे. आम्हांस त्या मृतांविषयी वैर नाही. कोंडून मेलेला माणूस कोणत्याही राजाचा असो, मरण सारखेच. परंतु मनात तुलना उभी राहिली ती राहिलीच. एकाच शहरात दोन दगड: एकावर नावे आहेत आणि आकड्याचा भरवसा नाही, दुसऱ्यावर आकडा अचूक आहे आणि नाव नाही. शेवटच्या एकापर्यंत मोजलेले ते आठशे शहाण्णव! एवढे अचूक मोजावयाचे तर समोर यादी असलीच पाहिजे. यादीत नावे असलीच पाहिजेत. ज्याने बेरीज केली त्याने नावे वाचली होती. बेरीज होताच ती त्याला अनावश्यक वाटली.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो, कारण हा गुन्हा आम्ही स्वतः आयुष्यभर करीत आलो आहोत. किती पूरग्रस्त, किती अर्जदार, किती मृत, हे तक्त्यात भरून वर पाठविणे हीच आमची भाकरी. बेरीज जुळली की रात्री झोप लागते. नावांची यादी परिशिष्टात जाते, परिशिष्ट वाळवीच्या पोटात जाते. आकड्याने प्रकरण मिटते. परंतु ते मोजणाऱ्यापुरते मिटते. ज्याचा माणूस गेला त्याला आकड्याशी काही करता येत नाही. आकड्याची ओटी भरता येत नाही, आकड्याला पाणी देता येत नाही.

बसऱ्याचा दगडही आम्ही कागदोपत्री पाहिला. युद्धात पडलेल्या प्रत्येकाची, हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद न करता, नावानिशी स्मृती राखावयाची, या तत्त्वावर १९१७ साली युद्धसमाधींचे मंडळ स्थापन झाले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या व थडगे माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसरा येथे स्मारक झाले. मार्च १९२९ मध्ये ते उघडले गेले. त्याच्या फलकांवर इंग्रज शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचे नाव आहे. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' म्हणून आहेत. तत्त्व बंदरापर्यंत पोहोचले आणि तेथे थकले. ते स्मारकही १९९७ साली मूळच्या जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेण्यात आले. याच्या उलट, बर्लिनच्या दक्षिणेस त्सेरेन्सडॉर्फ येथे, जर्मनांच्या कैदेत वारलेल्या २०६ हिंदी लोकांची दफनभूमी आहे; मधल्या काळात ती उद्ध्वस्त झाली होती, ती दुरुस्त करून २००५ साली पुन्हा उघडण्यात आली. जवळच्याच छावणीत जर्मन पंडितांनी हिंदी कैद्यांचे आवाज यंत्रावर उतरवून घेतले, ते अद्याप बर्लिनमध्ये जपून ठेवलेले आहेत. शत्रूने आवाज ठेवला आणि धन्याने नाव ठेवले नाही, असा हा हिशेब आहे.

त्या मंडळाने नेमलेल्या समितीने २०२१ साली आपली ही चूक उघडपणे मांडली. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची, ज्यांत हिंदी लोक पुष्कळ, स्मृती असमानतेने राखली गेली. आणि निदान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मुख्यतः आफ्रिकेतील व मिसरमधील माणसांचे नाव राखलेच गेले नाही. मंडळाने क्षमा मागितली. क्षमेची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. शंभर वर्षांनी का होईना, बेरीज करणाऱ्याने परिशिष्ट उघडले. फलकावर नसलेली बसऱ्याची पुष्कळशी नावे नोंदवहीत होती, आणि ती नोंदवही आता घरबसल्या पाहता येते.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. नोंदवहीत शोधावयाचे तर नाव हवे, आणि बसऱ्याच्या आजोबांचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते! वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. परंतु थोरल्या आजींनी ते जन्मात उच्चारले नाही. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नसते. मोठ्या दिराचे नाव आमच्या आजी घेईनात, थोरल्या भावाचे आजोबा घेईनात. मुलांना तर 'बसऱ्याचे' एवढेच पुरे होते. दगडावर ते नाव अनादराने आले नाही, घरात ते आदराने आले नाही. दोन्हीकडून मिळून त्या माणसाचे नाव पुरते पुसले गेले. गावी आमच्या आत्या आहेत, वय सत्त्याऐंशी. त्यांना फोन केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी ते नाव सांगितले. "एकदाच ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात थोरल्या काकींना बायांनी उखाण्यात घ्यायला लावलं होतं."

त्या नावाचे तीन शिपाई आम्हांस मराठा पलटणींच्या नोंदींत आढळले. दोघांच्या पुढे बापाचे नाव व गाव आहे. ते आमचे नव्हेत. तिसऱ्यापुढे काहीच नाही: नाव, क्रमांक, पलटण, आणि १९१६ च्या हिवाळ्यातील एक तारीख. तो आमचा असू शकेल, नसूही शकेल. कारकुनी मनाने आम्ही ती नोंद दहा वेळा वाचली. या पुराव्यावर आम्ही कोणाचाही अर्ज मंजूर केला नसता.

भाद्रपद आला. कलकत्त्यास सर्वपित्री अमावास्येला महालया म्हणतात. त्या दिवशी पहाटे चार वाजता घराघरांतून आकाशवाणीवर 'महिषासुरमर्दिनी' लागते, आणि उजाडता उजाडता गंगेचे घाट तर्पण करणाऱ्यांनी भरून जातात. वडील गेल्यापासून आम्हीही त्या दिवशी पाणी देतो. यंदा प्रश्न असा पडला की बसऱ्याच्या आजोबांना पाणी द्यावे काय? शस्त्राने मेलेल्यांची तिथी चतुर्दशी. हे तर शस्त्र ठेवल्यावर मेले, म्हणून अमावास्याच योग्य. परंतु तिथीचा प्रश्न दुय्यम होता. पाणी देणे म्हणजे मेले असे म्हणणे. ज्या कागदावर त्या बाईने अंगठा दिला नाही त्यावर, तिच्या पश्चात पन्नास वर्षांनी, आम्ही अंगठा देणार होतो. आणि तोही तीन नावांतील एकाच्या भरवशावर. शिवाय, नवरा गेला असे ठरले की अविधवा नवमीही बंद करावयास हवी. हिरवे लुगडे परत मागितल्यासारखेच ते.

पुन्हा आत्यांना फोन केला. आम्ही नोंदवही, तारीख, क्रमांक सारे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच थांबविले.

"अरे बाळा, तो आपला असंल नाहीतर दुसऱ्या कुणाचा. ज्याचा कुणाचा असंल, त्याला कुणी पाणी दिलंय का आजवर?"

"ठाऊक नाही, आत्या."

"मग दे की. पाणी काय वाया जातंय?"

"आणि नवमी?"

"नवमी काकींची. ती आहे तशी राहू दे. कुंकू तिनं लावलेलं हाय, ते आपण कोण पुसणार? शास्त्राला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगते."

महालयाच्या पहाटे आम्ही खिदिरपूरच्या बाजूच्या घाटावर गेलो. भरतीचे पाणी पायरीस लागले होते. शेजारी एक तरुण बंगाली गृहस्थ मोबाइलमध्ये मंत्र पाहून म्हणत होते. पलीकडे एक वृद्ध डोळे मिटून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. आम्ही वडिलांस पाणी दिले, आजोबांस दिले. भटजी आमच्याकडे वळले. "नाम बोलुन," ते म्हणाले.

आम्ही नाव सांगितले. ते येथे छापीत नाही. ज्या घरात ते शंभर वर्षे कोणी घेतले नाही त्या घराचा तेवढा मान राखावा असे वाटते. भटजींना ते नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. दुसऱ्या वेळी आम्ही ते मोठ्याने सांगितले, आणि शेजारच्या तरुणाने मान वर करून आमच्याकडे पाहिले. मग भटजींनी बंगाली उच्चारात, किंचित वाकडे करून, ते मंत्रात घेतले, आणि आम्ही ओंजळ सोडली. तर्पणात शेवटी, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीही पाणी असते. ती ओंजळ आम्ही नेहमी घाईने सोडीत असू. या वेळी घाई केली नाही.

परत येताना मनोऱ्यापाशी गाडी थांबविली. कठड्यापाशी ते चाचाजी नव्हते. तेथे पाणी देण्याचा अधिकार आमचा नव्हे. त्या लोकांची प्रार्थना निराळी आहे आणि ती त्यांचे लोक करीतच असतील. आम्ही टोपी काढून थोडा वेळ उभे राहिलो. ऊन चढू लागले होते, सेतूवरून गाड्या चालल्या होत्या, आणि दगडावर आकडा तोच होता.

यंदा घरी पत्र धाडताना आम्ही आत्यांना एवढेच लिहिले की पाणी दिले, आणि नवमीच्या पानात काही कमी करू नये. पुढील वर्षी आम्ही निवृत्त होऊन गावी असू. तेव्हा ते पान आम्हीच वाढू.